स्वल्पविराम कोणाचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष, मराठी)

अभ्यासक्रमातली कविता किंवा उतारा वाचताना आपण लेखकाचे नाव, जन्म-मृत्यूचे सन आणि वाङ्मयविशेष एवढे पाठ करतो. तो मजकूर लेखकाच्या हातून निघून आपल्या हाती येईपर्यंत मध्ये आणखी किती हात फिरले, हे आपल्याला कोणी विचारीत नाही. दोन गुणांसाठीदेखील नाही. वस्तुतः लेखक आणि वाचक यांच्या मध्ये एक तिसरा माणूस बसलेला असतो. त्याचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात असते, कधी तेही नसते. तो संपादक. चांगला संपादक लेखकाला मोठा करतो, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल येथे वाद घालायचा नाही. प्रस्तुत लेखातला प्रश्न त्याहून अरुंद आहे. लेखकाला न विचारता त्याच्या मजकुरात बदल करण्याचा अधिकार संपादकाला आहे काय? आणि असल्यास कोठपर्यंत?

या प्रश्नासाठी दूर जाण्याची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणला याचे एक थोर उदाहरण घडून गेले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली झाली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ती केवळ हस्तलिखितांच्या नकलांतून चालत आली. छापखाना नव्हता. नकल करणारा माणूसच होता. त्याला एखादा शब्द अडला तर तो सोपा करी, ओळ वाचता आली नाही तर अंदाजाने लिही, आणि कोणाला स्वतःची एखादी ओवी सुचली तर तीही आत बसवून टाकी. त्यात त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. कित्येकांनी ते भक्तीनेच केले असेल. पण तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरांचे किती आणि इतरांचे किती, हे सांगणे कठीण होऊन बसले.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. आळंदीच्या समाधीतल्या अजानवृक्षाच्या मुळीची आख्यायिका आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. ज्ञानेश्वरांच्या गळ्याला मुळी लागली होती, ती काढण्यासाठी त्यांनी नाथांना बोलावून घेतले, अशी ती कथा. मला ती संपादनाचीच कथा वाटते. असो. नाथांनी प्रतीच्या शेवटी ज्या ओव्या जोडल्या, त्यांत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांमुळे तो बिघडला. आणि यापुढे कोणी आपली ओवी करून यात घालू नये. लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस स्वतः कवी होता. एकनाथी भागवत त्याआधीच काशीला पूर्ण झाले होते. नकलकारांपेक्षा सरस ओव्या रचण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी होते, त्याने ते सामर्थ्य बाजूला ठेवले. त्यांनी स्वतःचे जे सांगायचे ते ग्रंथ संपल्यावर, स्वतःच्या नावाने सांगितले.

तरीही प्रश्न मिटला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्याला सापडलेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ती पोथी नाथांच्या आधीची असल्याचा दावा केला. त्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. तो वाद माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मला एवढेच दिसते, की संपादकाचा हात नाथांचा असला तरी तो तपासून पाहण्याचा हक्क पुढच्यांनी सोडला नाही, आणि त्यात नाथांचा अनादर कोणी मानला नाही.

येथे एक शंका कोणीही घेईल. लेखकाने ‘पाणि’ असे लिहिले आणि संपादकाने ‘पाणी’ केले, तर त्यासाठीही लेखकाची परवानगी मागत हिंडायचे काय? नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर घातली. हे अठरा नियम सर्वांनी मान्य केलेली व्यवस्था आहे; लेखक मजकूर पाठवतो तेव्हा ती त्यानेही मान्य केली असे समजायला हरकत नाही. पण त्या नियमांतही एक गंमत आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे, नंतरचे लेखन मात्र नव्या नियमांप्रमाणे, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही कोठेतरी रेघ ओढावी लागली, आणि रेघेच्या अलीकडे हात लावू नका असे सांगावे लागले.

ऱ्हस्व-दीर्घ नियमाने ठरते. शब्द नियमाने ठरत नाही. माझ्या मते सगळा घोटाळा या दोन गोष्टी एकच मानण्यातून होतो. ‘वावर’ हे ‘शेत’ या शब्दाचे अशुद्ध रूप नव्हे. ‘माय’ हे ‘आई’चे अशुद्ध रूप नव्हे. हे वेगळे शब्द आहेत, आणि ते वापरणाऱ्याला दुसरे शब्द येत नाहीत म्हणून तो हे वापरतो असेही नव्हे.

आमच्या शेजारच्या वैजापूरला ज्या महाविद्यालयात प्रा. रा. रं. बोराडे प्राचार्य होते, तेथे माझ्या वर्गातल्या काही मुलींच्या बहिणी शिकल्या. त्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ सालची. एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून ती सांगितली आहे आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठवाड्याच्या खेड्यातल्या बोलीत आहे. ती जर कोणी प्रमाणभाषेत आणली, तर गोष्ट तीच राहील आणि पार्वती मात्र नाहीशी होईल. कन्नडहून औट्रम घाट उतरला की खानदेश लागतो. त्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्या म्हणत, आणि घरातली शिकलेली मुले टिपून घेत. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, त्यांची गाणी प्रसिद्ध केली. छापण्याआधी ही बोली ‘सुधारून’ घ्यावी, असे त्या वेळी कोणी ठरवले असते तर त्यांना अडवायला बहिणाबाई हयात नव्हत्या. ती बोली राहिली, म्हणून बहिणाबाई राहिल्या.

आता माझ्याच बाबतीत घडलेली गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे मी या विषयाच्या मागे लागले. मी आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. प्रथम वर्षाला असताना मी एक लहानसा लेख लिहिला. त्याचे नाव ‘दावे’. माझ्या प्रवेशाच्या वेळी फीला पैसे कमी पडत होते, तेव्हा मायने गाभण शेळी बाजारात विकली. आमच्याकडे जनावर विकले तरी दावे देत नाहीत; ते विकणारा परत घरी आणतो. मायने ते आणले आणि खुंटीला अडकवले. लेख तेथेच संपत होता. एका नियतकालिकाच्या दिवाळी अंकात नवोदितांसाठी काही पाने असतात, असे कळल्यावरून मी तो पाठवला. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

अंक आला तेव्हा लेखाचे नाव बदललेले होते. ‘माय’ची सगळीकडे ‘आई’ झाली होती आणि ‘वावरा’चे ‘शेत’. एवढ्यावर थांबते तरी मी गप्प बसले असते. पण शेळीचे मंगळसूत्र झाले होते. मायने माझ्या फीसाठी मंगळसूत्र मोडले, असे छापून आले होते! दाव्याचा परिच्छेद पूर्ण गेला होता आणि त्या जागी डोळ्यांतले आनंदाश्रू आणि ज्ञानाचा दिवा असलेला नवा परिच्छेद होता. खाली माझे नाव. कोणी आणि का बदलले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, शेळी विकल्याने वाचकाला रडू येणार नाही असे कोणाला तरी वाटले असावे. गाभण शेळी म्हणजे काय, हे ज्याच्या दारात शेळी नाही त्याला कळणे अवघडच.

माय वाचू शकत नाही. शेजारच्या मुलाने तिला लेख मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मी कॉलेजला होते. दुसऱ्या दिवसापासून बायका तिच्या गळ्याकडे पाहू लागल्या. आठ दिवसांनी मामा घाट चढून आले. त्यांच्या गावी कोणीतरी अंक दाखवला होता. बहिणीने मंगळसूत्र मोडले आणि भावाला कळवले नाही, याचा अर्थ आमच्याकडे काय होतो हे वाचकांना सांगायला नको. त्यांनी चहाला हात लावला नाही. “भाऊ मेला होता का तुझा?” एवढेच म्हणाले. मायने पदराखालून पोत काढून दाखवली, “ही काय गळ्यात.” मामांनी पोतीकडे पाहिले आणि म्हणाले, “मग ते छापलंय कसं?”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. डोळ्यांसमोर पोत होती, तरी छापलेले खोटे कसे असेल, असे त्यांना वाटत होते. ज्या घरांत छापील कागद फारसा येत नाही, तेथे तो आला की त्याला फार मोठा मान मिळतो. मामांची समजूत पटली. ती पटायला संध्याकाळ झाली. पण रात्री मायने मला विचारले, “शेळी इकली म्हनून सांगायला लाज वाटली का गं तुला?” तिच्या दृष्टीने ते मीच लिहिले होते. नाव माझे होते ना! मजकूर बदलणाऱ्याचे नाव कोठेच नसते, हा या प्रकारातला सर्वांत मोठा अन्याय आहे. बदल त्याचा आणि जबाब लेखकाने द्यायचा.

मी पत्र लिहिले. उत्तर आले, तेही सौजन्याचे होते. नवोदितांचे लेखन छापण्याजोगे करून घ्यावे लागते, वाचकांना लेख आवडला आहे, पुढेही लिहीत जा, असा त्याचा आशय. दुरुस्ती मात्र छापली नाही. ‘चांगले केले’ हे समर्थन मला पटत नाही. आमच्या गावाच्या नावातच रंगारी आहे. रंगाऱ्याकडे पांढरे कापड दिले तर तो आधी रंग विचारतो. त्याच्या मते लाल अधिक खुलेल म्हणून तो न विचारता लाल करून हातात ठेवीत नाही.

संपादकाची बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्यापाशी पाने मोजकी असतात, छापखान्याची तारीख डोक्यावर असते, एखाद्या वाक्यावरून खटला भरला तर कोर्टात त्यालाही उभे राहावे लागते. म्हणून लेख नाकारण्याचा त्याचा अधिकार पुरता मान्य केला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे नाकारले. फुल्यांना राग आला आणि तो त्यांनी लपवलाही नाही. दोघेही सत्यशोधक, एकाच चळवळीतले. लोखंडे तर पुढे कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखले गेले. तरी मला वाटते, न छापणे हा संपादकाचा निर्णय असतो आणि त्याचा दोष किंवा श्रेय त्याच्याच नावावर राहते. फुल्यांचा असूड फुल्यांचाच राहिला. बदलून छापण्यात हे राहत नाही.

या विषयातले सर्वांत स्वच्छ उदाहरण मला १९३६ सालातले वाटते. त्यासाठी लाहोरपर्यंत जावे लागेल, पण त्याची सुरुवात आमच्या जवळच आहे. वैजापूरच्या पलीकडे येवला. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले. मंडळाचे चिटणीस संतराम. ही सुधारक मंडळी होती, जातिभेद मोडावा असे मानणारी होती. हे विसरता कामा नये. बाबासाहेबांनी आधी आढेवेढे घेतले, मग होकार दिला आणि भाषण लिहून काढले. परिषद १९३६ च्या ईस्टरच्या सुटीत व्हायची होती, ती पुढे मे महिन्यावर गेली.

एप्रिलमध्ये मंडळाचे हर भगवान मुंबईला येऊन बाबासाहेबांना भेटले. नंतर लाहोरहून पत्रे आली. मंडळाचे म्हणणे थोडक्यात असे होते: भाषण उत्तम आहे, पण वेद आणि धर्मग्रंथ यांच्यावरचा टीकेचा भाग आणि हिंदू धर्म सोडण्याविषयीचा उल्लेख तेवढा गाळावा, नाहीतर परिषदेत गोंधळ होईल. मागणी नम्र होती. गाळायचा भाग भाषणाच्या मानाने थोडा होता. कोणीही व्यवहारी माणूस म्हणाला असता, की बाकीचे शंभर मुद्दे लोकांपर्यंत पोचणार असतील तर हे दोन सोडून द्यावेत.

२७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी उत्तर दिले, की आपण एक स्वल्पविरामही बदलणार नाही आणि आपल्या भाषणावर कोणाचे नियंत्रण चालू देणार नाही. हे वाक्य पुष्कळांना माहीत असते. त्याच पत्रातली पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. भाषणातल्या मतांची जबाबदारी संपूर्णपणे आपली आहे. ती मते परिषदेला पसंत नसतील तर परिषदेने खुशाल त्यांचा निषेध करणारा ठराव करावा, आपली हरकत नाही, असे त्यांनी कळवले. म्हणजे त्यांचा आग्रह आपले म्हणणे सर्वांनी मान्य करावे असा नव्हता. विरोध करा, पण तो तुमच्या तोंडाने, तुमच्या नावाने करा. माझ्या तोंडून तुमचे म्हणणे वदवून घेऊ नका, एवढाच होता. मंडळ येथे संपादकाच्याच जागी बसले होते. त्याच्या बाजूने एक सांगितलेच पाहिजे, की त्याने निदान विचारले तरी.

परिषद झाली नाही. भाषण मे महिन्यात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने पुस्तक होऊन बाहेर पडले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींना त्यातली मते पटली नाहीत, तसे त्यांनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले. मग १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचा विरोधी मजकूर छापला आणि आपले उत्तरही छापले. मंडळाकडे त्यांनी जे मागितले होते, ते गांधीजींना त्यांनी स्वतः होऊन दिले.

याच कहाणीचा दुसरा भाग पन्नास वर्षांनी मुंबईत घडला, आणि या वेळी ‘नाही’ म्हणायला लेखक हयात नव्हता. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने बाबासाहेबांचे समग्र लेखन प्रसिद्ध करण्यास घेतले होते. संपादक वसंत मून. १९८७ साली चौथा खंड निघाला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. हे त्यांच्या हयातीत न छापलेले हस्तलिखित. त्यातले राम आणि कृष्ण यांच्यावरचे प्रकरण बाबासाहेबांनी केलेल्या अनुक्रमणिकेत नव्हते, म्हणून संपादकांनी ते मधेच न घुसडता परिशिष्टात घातले आणि तसे नमूद केले. मून यांच्या या सावधपणाबद्दल मला फार आदर वाटतो. या परिशिष्टावरून वादळ उठले. शिवसेना आणि मराठा संघटनांनी ते गाळण्याची मागणी केली, खंड जाळण्यापर्यंत मजल गेली, आणि शासनाने परिशिष्ट वगळण्याची तयारी दाखवली. त्याविरुद्ध ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. दलित जनता रस्त्यावर आली ती पुस्तकातल्या काही पानांसाठी! आपल्या राज्यात धान्यासाठी, पाण्यासाठी, नामांतरासाठी मोर्चे निघाले. एका मृत लेखकाची पाने आहेत तशीच राहावीत यासाठी निघालेला एवढा मोठा मोर्चा मला दुसरा आठवत नाही.

अखेर तडजोड झाली. परिशिष्ट राहिले, आणि त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप त्याला जोडली गेली. कित्येकांना ही तडजोड लेचीपेची वाटली असेल. मला ती १९३६ च्या पत्राचीच अंमलबजावणी वाटते. निषेधाचा ठराव करा, असे बाबासाहेबांनी मंडळाला सुचवले होते. शासनाने ठरावाऐवजी टीप लिहिली. संपादकाला, प्रकाशकाला, शासनाला मत असू शकते. त्या मताची जागा पानाच्या तळाशी आहे. वर, लेखकाच्या ओळीत, नाही.

कायदाही साधारण हेच सांगतो, हे मला यंदा ग्रंथालयात बसल्यावर कळले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाच्या विशेष हक्कांविषयी आहे. आपली कृती आपल्या नावाने ओळखली जावी, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड कोणी केल्यास ती थांबवावी किंवा भरपाई मागावी, असे ते हक्क आहेत. लेखकाने कॉपीराइट विकून टाकला तरी ते संपत नाहीत. घर विकले की त्यावरचा हक्क गेला. लेखनाचे तसे नाही. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून ‘समय की धारा’ हा चित्रपट काढला गेला, तेव्हा त्यांनी मोडतोडीची तक्रार नेली, आणि १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हा हक्क कराराच्याही वर असल्याचे सांगितले. चित्रपटाचे हक्क त्यांनी रीतसर विकलेले होते, तरीही.

पण कायदा पुस्तकात आहे आणि आम्ही देवगाव रंगारीत. मन्नू भंडारी कोर्टात गेल्या; बाबासाहेबांपाशी स्वतःचे पुस्तक काढण्याची धमक आणि साधन दोन्ही होते. पहिला लेख पाठवणाऱ्या मुलामुलींना ‘हे बदलू नका’ असे म्हणता येते, हेच माहीत नसते. उलट छापून आले याचा आनंद एवढा असतो, की काय छापून आले हे पाहायचे धैर्य होत नाही. आणि बदल सर्वांत जास्त होतात ते यांच्याच लेखनात. प्रसिद्ध लेखकाच्या चुकीला शैली म्हणतात. आमच्या शब्दाला चूक म्हणतात.

यंदा या वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादक मंडळावर मला घेतले आहे. त्यामुळे खुर्चीच्या दुसऱ्या बाजूनेही थोडे दिसले. बत्तीस लेख-कविता आल्या, बऱ्याच वहीच्या पानावर, काही तर दोन्ही बाजूंना लिहिलेल्या. विभागप्रमुख सरांनी सुरुवातीलाच मान्य केले, की ऱ्हस्व-दीर्घ आपण दुरुस्त करू. त्यापलीकडे जे वाटेल त्याला शिसपेन्सिलीने खूण करून समासात प्रश्न लिहू आणि लेखकाला बोलावू. हे काम वेळखाऊ आहे. निम्म्या मुलांची एस. टी. दुपारी दोनला असते, त्यांना गाठायचे ते तासांच्या मधल्या वेळात. तरी बोलावलेल्यांपैकी बहुतेकांनी बहुतेक बदल आनंदाने मान्य केले. एका मुलीने आपला शेवटचा परिच्छेद खूण पाहताच स्वतःच खोडला. एकाने लेख परत नेला; तो या अंकात नाही. माझ्या या लेखावरही सरांनी चार ठिकाणी खुणा केल्या होत्या. तीन ठिकाणी त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि लेख त्याने सुधारला.

प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याची कविता आली होती. तो दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो. कवितेत ‘कोपी’ असा शब्द होता. आमच्यातल्या एकाला ती लिहिण्याची चूक वाटली, त्याने ‘झोपडी’ सुचवले. मुलगा तेव्हा फडावर होता. पानाचा फोटो काढून त्याच्या मोबाईलवर पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. झोपडी कायमची असते, ताई. कोपी फड संपला की मोडायची असते, असे त्याने सांगितले. वाचकांना कळावे म्हणून खाली टीप देऊ का, असे मी विचारले. त्याने ती स्वतःच सांगितली आणि मी लिहून घेतली. कविता याच अंकात आहे, आणि तळाशी ती टीप त्याच्या नावाने आहे.